रेघ मारलेले शब्द

१४ नोव्हेंबर, गुरुवार

प्रिय धाकट्या,

ताईचे अनेक आशीर्वाद. बाबांची तब्येत बरी आहे. खोकला गेला, वजन दीड किलोने वाढलंय. दातांच्या दवाखान्यात माझं नेहमीचंच चाललंय. फोन उचलायचे, नंबर लावायचे आणि घाबरलेल्यांना "काही दुखणार नाही हं" असं धडधडीत खोटं सांगायचं.

पत्र बघून चकित झाला असशील. पण फोनवर तू दुसऱ्याच वाक्याला मला हसवलं असतंस, आणि मीही हसले असते. मग सांगायचं राहिलंच असतं.

मंगळवारी आमच्या डॉक्टरांची खुर्ची बिघडली. वर गेली ती पेशंटसकट वरच राहिली. शेवटी दवाखाना बंद केला आणि मी अकरालाच घरी आले. बाबांच्या खोलीतून कोणा बाईचा आवाज येत होता. मला वाटलं, शेजारच्या काकू आल्यात. पण ती बाबांच्या कॉम्प्युटरमधली वाचणारी बाई होती. त्यांची नजर गेल्यावर तू बसवून दिलीस ती. मी एक चप्पल पायात, एक हातात अशी दारातच उभी, आणि ती म्हणाली, "वडील कसे आहेत असं कोणी विचारलं की मी सांगते, अजून आहेत मजेत आहेत."

माझं वाक्य होतं ते. माझ्या ब्लॉगवरचं.

माझी युक्ती तुला माहीतच आहे. मनातलं आधी लिहायचं, त्यावर आडवी रेघ मारायची आणि पुढे शहाण्या मुलीसारखं लिहायचं. 'अजून आहेत'वर रेघ, मग 'मजेत आहेत'. रेघ दिसते म्हणून वाचणारा हसतो. पण त्या बाईला रेघ दिसतच नाही रे! ती दोन्ही वाचते, एका सुरात, बसच्या वेळा सांगाव्यात तशी. "बाबांची कटकट अंघोळ उरकली." "रविवारी तुरुंगात घरीच होते." आणि प्रत्येक वाक्यामागे मी टाकलेली ती पिवळी तोंडं: "हसून हसून रडणारा चेहरा, हसून हसून रडणारा चेहरा, हसून हसून रडणारा चेहरा."

मी तशीच एका चपलेवर आत गेले.

"लवकर आलीस?" बाबांनी विचारलं. माझी पावलं ते ओळखतात.

"हे कधीपासून ऐकताय?"

"पहिल्यापासून. धाकट्याने लावून दिलं होतं. म्हणाला, ताई भारी लिहिते, ऐका."

तू चांगल्या मनानेच केलं असणार, ते मला कळतं. पण त्या क्षणी तू समोर असतास, तर काय केलं असतं सांगता येत नाही.

मी घाईघाईने समजवायला लागले. "बाबा, ते शब्द खोडलेले आहेत. त्यांच्यावर रेघ आहे. म्हणजे ते मी म्हणत नाही. गंमत असते ती."

"छापखान्यात चाळीस वर्षं प्रुफं तपासली मी," ते म्हणाले. "रेघाच मारल्या. लेखकाने शब्द लिहिलेला असतो, म्हणून तर त्यावर रेघ मारता येते."



एक गोष्ट मघापासून लिहायची टाळतेय. फेब्रुवारीत ते अकरा दिवस हॉस्पिटलमध्ये होते. सहाव्या दिवशी, त्यांच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून मी लिहिलं होतं, 'बाबा जाण्याची घरी येण्याची वाट बघतेय.' 'जाण्याची'वर रेघ मारली होती. पुढे तीन तोंडं. बाबांनी ते वाक्य मला पाठ म्हणून दाखवलं. तोंडांसकट. आणि म्हणाले, "त्याखाली धाकट्याचं उत्तर होतं. 'ताई, हसून मेलो.'"

तुला आठवतं? मला आठवत होतं. त्या दिवशी तुझ्या त्या तीन शब्दांनी मला बरं वाटलं होतं.

मग त्यांनी विचारलं, "यातलं ठेवायचं काय?" छापखान्यात लेखकाला विचारत असतील तसंच. रागाने नाही.

"दोन्ही," मी म्हटलं. तोंडातून निघूनच गेलं.

त्यांनी चादरीची कड चाचपली. मग म्हणाले, "पहिलं खरं आहे, ते मला ठाऊक होतं. त्या अकरा दिवसांत मीही तीच वाट बघत होतो. दुसरं नुसतं शोभेला आहे की काय, एवढंच कळत नव्हतं."

धाकट्या, एवढे महिने हा माणूस रोज सकाळी माझ्या हातचा चहा पिऊन, मी गेल्यावर हे ऐकत होता, आणि संध्याकाळी मला "दमलीस का?" म्हणून विचारत होता!

"मग ऐकत कशाला राहिलात?" मी ओरडलेच.

"घरात तू फक्त गोळी घेतली का, एवढंच विचारतेस. तिथे बोलतेस तरी."

ब्लॉग बंद करू का म्हटलं, तर नको म्हणाले. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी आम्ही अर्धा तास बसतो. पहिल्या दिवशी दोघांनाही बोलायला सुचेना. काल त्यांनी मला खूप बोल लावले आणि मीही त्यांना लावले. नंतर दोघांनाही चांगली झोप लागली.

आता तुझ्याबद्दल. तीन वर्षांत मी तुला किती वेळा लिहिलं असेल, 'घेऊन जा रे या म्हाताऱ्याला!' आणि पुढे ते तोंड टाकलं. तू उलट दोन तोंडं पाठवलीस. दरवेळी मी खरंच विचारत होते. माझ्याने एकटीने होत नाही, हे तुला सरळ सांगायची लाज वाटायची.

बाबांना विचारूनच लिहितेय. जानेवारीपासून तीन महिने ते तुझ्याकडे राहतील. जमत नसेल तर तसं सरळ कळव, मी रागावेन, पण ऐकून घेईन. घ्यायला तू स्वतः ये. आल्या आल्या विनोद करू नकोस, आधी जवळ बसून त्यांचा हात हातात घे.

तुझी, फार दमलेली,
ताई