कौल आणणारी

डिचोली, रविवार संध्याकाळ

प्रिय सुवी,

तुझ्या खेळाचं पुस्तक पोचलं. छापायच्या आधी आईने एकदा शब्द तपासावेत असं तू लिहिलंस, म्हणून चष्मा पुसून बसले. तीस पानं नीट गेली. एकतिसाव्या पानावर थांबले, त्याला आज पाच दिवस झाले. मला भीती वाटते आहे, सुवी. तुझ्या खेळातल्या भुतांची नाही. तू काय जाणतेस आणि काय जाणत नाहीस, याची. फोनवर विचारता आलं असतं. पण फोनवर तुझा श्वास ऐकू येतो. तो जरा अडखळला असता तर मी लगेच जेवलीस का म्हणून विचारलं असतं. दहा वर्षं तेच करत आले आहे.

आधी पुस्तकाबद्दल सांगते. चार-पाच जणांनी मेजाभोवती बसायचं, एकाने गोष्ट चालवायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं, आणि पुढे काय होणार ते गोष्ट चालवणाऱ्यालाही पुरतं ठाऊक नसायचं, हे मला दोनदा वाचल्यावर कळलं. चौथीनंतर शाळा सुटली तरी वाचनालयातली दोन कपाटं मी संपवली आहेत, पण शेवट न लिहिलेली गोष्ट पहिल्यांदाच पाहिली. बंगळूरच्या मेळाव्यात कॉम्प्युटरवाली मुलं तीन तास तुमच्या मेजावरून हलली नाहीत म्हणे. भिऊन घ्यायला माणसं तिकीट काढून येतात, याचं मला नवल वाटतं. आणि तो पुण्याचा विक्रेता! खाण आणि टिपर कोण घेणार, किल्ला घाला, राक्षस घाला, परदेशातही खपेल, असं तो तुला आणि चित्रं काढणाऱ्या देवेशला म्हणाला, आणि तू नाही म्हणालीस. बरं केलंस. पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलीचा भोंगा, पानांवरची लाल धूळ, खनिजाने भरलेला टिपर उतरताना येणारा ब्रेकचा जळका वास, सगळं तू घातलं आहेस. तो वास तुझ्या बाबांच्या शर्टाला यायचा. तुला आठवत असेल असं मला वाटलं नव्हतं.

पण ते पान. गावाला काही मोठं ठरवायचं असेल तर एकाने देवाचा कौल आणावा, असं तू लिहिलं आहेस. त्याने मेजावरून उठून आडोशाला जायचं, फासा टाकायचा, परत येऊन उजवा की डावा ते सांगायचं. खोटं सांगायची त्याला मुभा आहे. खरं काय पडलं ते त्याने खेळ संपल्यावरही कुणाला सांगायचं नाही. खाली बारीक अक्षरांत आहे की खेळून पाहणाऱ्यांना सगळ्यांत जास्त हाच नियम आवडला. कुणाला सुचला हा नियम, सुवी? तुला, की देवेशला? की तिथल्या एखाद्या अनोळखी मुलाला? तांदूळ निवडताना, पाणी तापवताना, पाच दिवस मी एवढंच विचारते आहे.

शेवटी म्हटलं, खेळूनच पाहावं. आज दुपारी शेजारच्या जानकीवयनीला आणि विठूमामांना बोलावलं. बाबांबरोबर टिपर चालवणारे विठूमाम आता गुडघ्यांमुळे घरीच असतात. जानकीवयनी कदेलवर बसल्या बसल्या घाई करत म्हणाली, "चार वाजता माझी सीरियल आसा, भुतां बेगीन हाड गो." गोष्टीत गावाला बंद खाणीत उतरायचं होतं. विठूमाम कौल आणायला कपाटामागे गेले आणि परत येऊन पडलेल्या तोंडाने "डावो" म्हणाले. म्हणजे उतरायचं नाही, गोष्ट तिथेच अडली. मी म्हटलं, अहो, खोटं सांगायची परवानगी आहे, पुस्तकात लिहिलंय. तर ते माझ्यावरच चिडले. "खेळ म्हणून काय जालें? कौल तो कौल. तो खोटो सांगपी माणूस अजून जल्माक येवंक ना." तुझ्या मेळाव्यातल्या मुलांना जे सर्वांत आवडलं, ते इथे कुणाला करताच येईना.

मग माझी पाळी आली. कपाटामागे गेले, फासा टाकला आणि तिथेच उभी राहिले. "फासो गिळ्ळो काय गो?" जानकीवयनी हसत ओरडली. बाहेर येऊन मी म्हटलं, उजवा. आवाज अगदी सहज निघाला, त्याचीच मला भीती वाटली. विठूमाम फाशाकडे बघत तुझ्या बाबांचं नाव घेऊन म्हणाले, "शंभूकय उजवोच पडिल्लो. देवान ताका फसयलो." तेव्हापासून आपण देवळाची पायरी चढलो नाही, असंही म्हणाले. दहा वर्षं! मला वाटायचं, गुडघ्यांमुळे जत्रेला येत नाहीत.

ते वर्ष तुला आठवत असेल, तू दहावीत होतीस. खाणी बंद पडून तीन वर्षं झाली होती. बाबा तरी रोज ठरल्या वेळी उठायचे, आंघोळ करून, शर्ट घालून जनेलाशी बसायचे आणि रिकामा रस्ता बघायचे. बोलणं कमी होत होत फक्त हं आणि नको उरलं होतं. मग खाण सुरू होणार असं कळलं. त्या दिवशी त्यांना कचेरीत नाव द्यायला बोलावलं होतं, म्हणून पार्से गावच्या ग्रामदेवाला विचारायला मला पाठवलं. परत टिपरवर जाऊ की नको, एवढंच विचारायचं होतं. म्हापशात बस बदलून गेले. भटांनी ओल्या पाकळ्या देवाला दोन्ही बाजूंना चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मी हात जोडून उभी होते. घरी आले तेव्हा बाबा दारातच उभे होते. मी उजवा म्हटलं आणि ते हसले, सुवी. तीन वर्षांनी हसले. त्या संध्याकाळी त्यांनी तुला बाजारात नेऊन नवे बूट घेतले. पुढचे दोन महिने घरात गाणी होती. मार्चात उताराच्या वळणावर टिपर उलटला. देवळातून आलेला नारळ तू अंगणात आपटलास आणि देव खोटारडा म्हणून ओरडलीस. मी तुला गप्प केलं नाही. सगळ्यांना वाटलं, मला शुद्ध नव्हती. मला शुद्ध होती.

पुढच्या आठवड्यात सोमवारी पुस्तक छापखान्यात जाईल, म्हणून हे लिहिते आहे. आज खेळ आवरल्यावर उरलेली पानं वाचली. शेवटच्या पानावर तू ओळ घातली आहेस: 'बाबांना, ज्यांना देवाने उजवा कौल दिला होता.' म्हणजे तुला ठाऊक नाही. नियम कुणाचाही असो, तुला ठाऊक नाही. शब्द तपासायला सांगितलेस, ते तपासले. ही एक ओळ चूक आहे. देवाने डावा दिला होता. मी भटांना परत पाकळ्या लावायला सांगितलं, तेव्हाही डावीच आधी पडली. उजवा मी दिला. जनेलाशी बसलेला माणूस मला बघवत नव्हता, दुसरं कारण नाही, आणि हे कारण पुरेसं नाही हेही मला माहीत आहे. ओळ काढ किंवा बदल, तुझं पुस्तक आहे. पत्र तुला बुधवारपर्यंत मिळेल. गुरुवारी मी विठूमामांकडे जाऊन त्यांना सांगणार आहे. त्यांच्या आधी तुला कळायला हवं होतं.

अजून तुझीच,
आई