फोडणीच्या आधी

रविवार, संध्याकाळ. श्रूजबरी.

बाबा गेल्यावर इंग्लंडमधल्या खेड्यातलं घर विकून आई कायमची इकडे अमेरिकेत माझ्याकडे आली, त्याला आठवडा झाला. रडू अजून आलेलं नाही. तिलाही नाही, मलाही.

आज आमटीला फोडणी देण्याआधी तिने दारामागचे सगळे कोट काढले आणि वर न्यायला निघाली. त्या खेड्यात आमचं एकच मराठी घर होतं. कोटांना वास लागला तर शाळेत मुली नाक मुरडतील, बाबांचे पेशंट कुजबुजतील, म्हणून तिथेही ती रोज हेच करायची.

"आजी, नोबडी केअर्स," माझी लेक म्हणाली.

"तुला काय माहीत, बाई," म्हणत आई जिना चढली. त्या कोटांत बाबांचाही होता, तिने सोबत आणलेला.

जेवणानंतर वर जाऊन मी त्यात तोंड खुपसलं. कशाचाच वास नाही. हिंगाचा नाही, बाबांचाही नाही. काय शोधत होते मी? किती नीट जपलं आम्ही सगळं.

कोट खाली आणून स्वयंपाकघराच्या दाराला अडकवला.

"सकाळी पोहे करणारे मी," आई म्हणाली.

"असू दे."

तिने तो काढला नाही.