मतपत्रिकेवरचं श्री

॥ श्री ॥
रवि., ९ फेब्रु.
आमच्या मराठी मंडळाची निवडणूक झाली. नाना तीन मतांनी आला. म्हणजे वाचनालय राहिलं. पराग आला असता तर तिथे कोचिंग क्लास आणि कपाटं माळ्यावर, हे तो भर सभेत बोललाच होता. नानाने पेढा कोंबला तोंडात. “घ्या कविराज, तुमची खुर्ची शाबूत!” खिडकीजवळची, जुन्या क्रमिक पुस्तकांच्या कपाटाला लागून.
अकोट्याच्या पुलावरून चालत घरी. चौथीतली आंब्याची कविता गुणगुणत होतो. तिसरं कडवं आठवेना. उद्या बघू पुस्तकात.

॥ श्री ॥
सोम., १०
वाचनालयाला कुलूप. परागने फेरमोजणी मागितली आहे, हाताने, सर्वांसमोर. नाना म्हणतो, “मोजू दे की. चोरी केलीय का आपण?” खरंय. तीनच मतं. मीही मागितली असती.
कडवं राहिलं.

॥ श्री ॥
बुध., १२
फेरमोजणी. निवडणूक अधिकारी हेतलबेन, समा भागातल्या वकीलबाई. एकेक पत्रिका उंच धरून दाखवत होत्या. परागच्या गठ्ठ्यात एकीवर कोपऱ्यात ॐ. नाना ताडकन उठला. “बाद! फुलीशिवाय काही लिहायचं नाही, नियम आहे.” बाईंनी नियम वाचला, बाद केली. नानाने मला डोळा मारला.
मग पराग, अगदी हळू: “तो काका, श्रीनुं शुं?” मग श्रीचं काय, म्हणे.
आमच्या गठ्ठ्यात श्री. पुन्हा श्री. वर, मधोमध. कोरा कागद हातात आला की आधी श्री, पाटीपासूनची सवय सगळ्यांची. पहिल्या मोजणीत कुणाच्या डोळ्यांना खुपलंच नाही.
हेतलबेन म्हणाल्या, “काका, मने पण नथी गमतुं. पण नियम बधा माटे सरखो.” त्यांनाही आवडलं नव्हतं, पण नियम सगळ्यांना सारखा.
नऊ गेली. एक माझं. वेलांटी मागे लांब ओढलेली, मास्तर त्यावरून ओरडायचे.
नाना पाच मतांनी पडला.

॥ श्री ॥
गुरु., १३
सूनबाई: “बाबा, मत द्यायचं होतं की पत्र लिहायचं होतं?” हसलो. हसण्यासारखंच आहे.
अन्याय नेमका कुठे झाला, बोट ठेवता येत नाही. बाई चुकल्या नाहीत. पराग खोटं बोलला नाही. पहिली मोजणी चूक, दुसरी बरोबर. आणि तरी त्या नऊ कागदांवर फुली कुणापुढे होती, ते खोलीतल्या प्रत्येकाला स्वच्छ दिसत होतं.

॥ श्री ॥
सोम., १७
नाना अपील करणार. म्हणतो, ज्यांनी श्री लिहिलं त्यांनी उभं राहून सांगावं, हे मत माझं. मंडळातल्या शकूताई म्हणतात, “मी कुठे लिहिलं?” खरंच आठवत नसेल त्यांना. हात लिहून मोकळा होतो.
हेतलबेनना फोन केला. “काका, ओळख सांगाल तर मत गुप्त कुठे रह्युं? तेव्हा तर नक्कीच बाद.”
म्हणजे बोललो तरी गेलं, नाही बोललो तरी.

शुक्र., २८
कपाटं माळ्यावर गेली. परागचाच फोन. “काका, पुस्तकं हवी तर घरी न्या ना.” नको म्हटलं. घरी आणली की ती एका म्हाताऱ्याची पुस्तकं. तिसरं कडवं अजून नाही.
संध्याकाळी नाना आला, अपिलाचा अर्ज घेऊन. स्वतःच्या हाताने लिहिलेला, माझी सही हवी. वाचायला घेतला. वर मधोमध श्री.
“नाना, अरे...”
बघत राहिला. “खोडू?” पेन उघडलं, कागदावर आणलं, तसंच धरून बसला. चहा निवला. अर्ज इथेच ठेवून गेला.
आज या पानावर वर जागा सोडली आहे.