दोन बोटं लांब कार्ड

शुक्रवार, संध्याकाळ

कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड गेलं. स्क्रीनवर नुसत्या हिरव्या रेघा. लग्नाचे अल्बम मी त्याच्यावरच करते, आणि दुपारी माझे सासरे, म्हणजे मामा, त्याच्यावर बस चालवायचा गेम खेळतात. जन्मभर एसटी चालवली, तरी मामांची हौस फिटलेली नाही.

राजारामपुरीतल्या दुकानदारानं दोन कार्डं दाखवली. "हे नवं घ्या वैनी, झकास चालतंय की!" पण ते आमच्या कॉम्प्युटरच्या डब्यात मावत नाही, दोन बोटं लांब आहे; घेतलं तर डबाही नवा घ्यावा लागेल. दुसरं मावतं, पण वापरलेलं. "त्याची गॅरंटी न्हाय देत," म्हणाला. मग लॅपटॉपच घ्यावा का? काम कुठंही नेता येईल. पण मी तो घेऊन बाहेर गेले की मामांनी काय करायचं?

घरी येऊन डबा उघडला आणि टेपनं परत मोजलं. दोन बोटं कमीच. मोजून वाढणार होता का?

मामा दारात उभे होते. लॅपटॉपचं कानावर घातलं तर म्हणाले, "माझा इचार करू नगंस. खेळ न्हाय खेळला तर काय बिघडतंय?"

मी "बरं" म्हटलं. खरं तर प्रश्न तिथंच सुटायला हवा होता, पण मी जास्तच अडकले. सासूबाई गेल्यापासून मामा मोठ्यानं बोलतात ते फक्त त्या गेममधल्या प्रवाशांशी. "चला, पुढं सरका, लई जागा हाय!"

आज दुपारभर घरात कुणी कुणाला पुढं सरकायला सांगितलं नाही.

लॅपटॉप नको, एवढं ठरलं. कार्ड कुठलं, ते अजून कळत नाही.