अनुश्रीचं वय एक्केचाळीस

१० डिसेंबर २०२५

ऑस्ट्रेलियात आजपासून सोळा वर्षांखालच्या मुलांची सोशल मीडियावरची खाती बंद. बातम्या बघताना रणजीत म्हणाला, "आपल्याकडेही हा कायदा यायला पाहिजे." अनुश्री अर्धी पोळी ताटात टाकून खोलीत निघून गेली. "चौदाची आहे, राग यायचाच," तो म्हणाला.

मी ताटं उचलून आत नेली. तिचं खातं मीच उघडून दिलंय! तेव्हा दहाची होती. भुसावळच्या मावशीला तिचा नाच बघायचा होता. तिची जन्मतारीख चालेना, म्हणून मी माझी घातली. कंपनीच्या लेखी माझी मुलगी एक्केचाळीस वर्षांची. तिचा बाप असून रणजीतला हे माहीत नाही.

१२ डिसेंबर

पोरगी नीट जेवत नाही. फोन वाजला की दचकते. विचारलं तर इथल्या शाळेतल्या हिंदीत — "कुछ नहीं मम्मी. मतलब, काही नाही."

१४ डिसेंबर, रविवार

गच्चीवर उन्हात मटार सोलत होते. अनुश्री येऊन बसली. चार शेंगा सोलून म्हणाली, "मम्मी, तो कायदा इंडियात कधी येणार?"

वाटलं, घाबरलीय. म्हटलं, लगेच नाही येत गं.

"लवकर आला तर बरं. माझं आपोआप बंद होईल. मग मला कोणी भित्री म्हणणार नाही."

आणि सगळं सांगितलं. दोन महिने कोणी माणूस लिहितोय. आधी नाचाचं कौतुक, मग फोटो पाठव, मग भेटायला ये. ब्लॉक केलं की नव्या नावाने येतो. तिने काही पाठवलं नाही, गेली नाही. मी तिला जवळ ओढलं.

मीही माझं सांगून टाकलं, जन्मतारखेचं; कायदा आला तरी ते खातं बंद होणार नव्हतं. माझ्याकडे बघत राहिली. "म्हणजे मी तुझ्याएवढी?" आणि हसली. किती दिवसांनी.

१५ डिसेंबर

रणजीतला भीत भीत सांगितलं. ओरडला नाही. तो काम करतो त्या रेल्वे स्टेशनवर फोन करून रजा टाकली, तिघं पोलिसांत गेलो. तिथल्या बाईंनी सगळे मेसेज नीट बघितले, तक्रार लिहून घेतली. म्हणाल्या, "बेटी, तूने कुछ गलत नहीं किया." अनुश्रीचे खांदे एकदम सैल पडले.

घरी येऊन खातं बंद केलं. बटण तिनेच दाबलं. कायद्याची वाट कुठवर बघायची?

१६ डिसेंबर

अनुश्रीने दोन पराठे खाल्ले. तिसरा मागून घेतला.

१९ डिसेंबर

शाळा सुटल्यावर अनुश्री वर्गातल्या अमिताला हाताला धरून घरी घेऊन आली. अमिता रडत होती. तोच माणूस तिलाही लिहितो. उद्या ती त्याला भेटायला एकटी तासाभरावरच्या चाकसू गावाच्या बसमध्ये बसणार होती. अनुश्रीने आपलं सांगितलं, तेव्हा तीही बोलली.

तिच्या आईला फोन केला. निघाल्यात. अमिता उद्या कुठेही जाणार नाही.