रविवारी बाग पाहण्यास खुली

॥ श्री ॥
आर्वी, ता. ४ नोव्हेंबर १९५७

ती. दादास,
शरयूचा शि. सा. न. वि. वि.

नाचणगावच्या देवकाबाई परवा लेकीकडे इथे आल्या होत्या. त्यांच्याकडून कळलं की आपल्या बागेच्या फाटकावर पाटी लागली आहे : दर रविवारी बाग सर्वांस पाहण्यास खुली. मला आधी हसूच आलं. माझ्या लीनाने मोगऱ्याची एक कळी तोडली म्हणून तिला विहिरीपर्यंत पळवणारा तू!

मग हसू मावळलं. पुलगावच्या ताराचंदशेटना कापसाच्या गोदामासाठी जागा हवी आहे, हे मला ठाऊक आहे. गिऱ्हाइकाला जागा दाखवायला रविवार बरा सापडला. भाऊबीजेला ओवाळणी ताटात टाकायची सोडून रांगोळीवर टाकलीस, तेव्हाच ओळखलं की तुझं चित्त भलतीकडे आहे. बाग आईने लावली, दादा. विकायची असेल तर तोंडावर सांग.

राग मान, पण उत्तर धाड.
तुझी शरयू


नाचणगाव, ता. ९ नोव्हेंबर

चि. सौ. शरयूस अनेक आशीर्वाद.

अंगठ्याला नखुरडं झालं आहे, म्हणून अक्षर हरिभाऊंचं. तू लहानपणापासून संशयी, त्याला आता इलाज नाही. ताराचंदशेटना मी फाटकातूनच नमस्कार करून वाटेला लावलं. तीस वर्षं शाळेत पोरांना फुलांची नावं पाठ करायला लावली. आता गावाने एक दिवस ती फुलं पाहिली तर कोणाचं काय जातं? शेवंती यंदा भरून आली आहे, असं सगळे म्हणतात. फूल तोडायची मनाई आहेच.

प्रभाकररावांस नमस्कार. लीनाला सांग, कळीचं मी कधीच विसरलो.

दादाचा लोभ आहे, तो धरून ठेव.
बंडोपंत


आर्वी, ता. १८ नोव्हेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

शेवंती भरून आली असं सगळे म्हणतात, म्हणजे काय? तुझ्या बागेतली शेवंती गावाने तुला सांगायची?

देवकाबाई मुद्दाम रविवारी बागेत जाऊन आल्या आणि त्यांनी कार्ड टाकलं. तू म्हणे फाटकाशी खुर्ची टाकून बसतोस आणि निघालेल्या प्रत्येकाला अडवून काय काय पाहिलं ते विचारतोस. बायांना वाटतं, मास्तर चोरी शोधून राह्यले. त्या बिचाऱ्या तुझ्यापुढे पदर झटकून दाखवतात आणि तू तिकडे ढुंकूनही न बघता विचारतच राहतोस. हा काय प्रकार आहे? आणि हरिभाऊ ताराचंदशेटच्या अडतीत चिठ्ठ्या लिहितात, हे मी विसरलेले नाही. पत्रात बोलतोस तू की बोलतात शेट? नखुरडं झालं तरी चार ओळी खरडता येतात.

मला दूर लोटू नकोस, एवढंच.
शरयू


नाचणगाव, ता. २४ नोव्हेंबर

चि. सौ. शरयूस अनेक आशीर्वाद.

हरिभाऊंविषयी लिहिताना जरा सांभाळून लिहीत जा. तुझं पत्र वाचता वाचता ते मध्येच थांबले आणि तंबाखू मळायला लागले. मी त्यांची माफी मागितली आहे, तूही माग. बाग विकणार नाही. विचारतो ते सहज विचारतो. थंडीत गाडीचा त्रास घेऊन इकडे यायची काही गरज नाही.

तिथूनच माया कर.
बंडोपंत


आर्वी, ता. २ डिसेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

हरिभाऊ, मी तुमची मनापासून माफी मागते. हे पत्र सावकाश वाचा, आणि मध्येच थांबू नका.

दादा, माझं पत्र तुला दुसऱ्याने वाचून दाखवावं लागतं, हे तुझ्या पत्रातून निसटलं आणि येऊ नकोस म्हटलंस तेव्हा मला राहवेना. काल सकाळच्या गाडीने पुलगावला उतरले, नाचणगाव गाठलं आणि डोक्यावरून पदर ओढून गावच्या बायांबरोबर बागेत शिरले. विहिरीशी आपल्या माळ्याला, तानबाला गाठलं. तो आधी झारी टाकून पळायलाच निघाला. मग रडत म्हणाला की मास्तरले भादव्यापासून उजेड अन् अंधार, एवढंच समजते. कोनाले सांगू नोको म्हनून त्याहीनं आईची शपथ घातली.

परत निघाले तर तू विचारलंस, बाई, काय पाह्यलं ते सांगून जाजा. मी तुझ्यापासून दोन हातांवर उभी होते. तूच भाऊबीजेला दिलेलं लुगडं नेसले होते. मी इतर बायांसारखा पदर झटकला आणि निघून आले. गाडीत आर्वीपर्यंत रडले. ओवाळणी रांगोळीवर पडली तेव्हा मी तुला वेंधळा म्हणून हसले होते, ते आठवत होतं.

तुला भीती वाटली असेल की कळलं तर मी तुला आर्वीच्या दोन खोल्यांत आणून बसवीन आणि बाग शेटकडे जाईल. खोटं कशाला बोलू, माझ्या मनात पहिलं तेच आलं. पण तसं होणार नाही. येत्या शनिवारी मी राहायला येते. नागपूरच्या डॉक्टरांना डोळे दाखवू. मोतीबिंदू असला तर काढतात म्हणे. नसला तरी तू बागेतच राहशील.

काल फाटकाशी उत्तर दिलं नाही, ते आता देते. पिवळी शेवंती भरली आहे, पांढरी अजून कळ्यांवर आहे. पेरूला पोपट लागलेत, तानबा तुझ्यापासून लपवतो. आईच्या चाफ्याची पानं गळताहेत, पण बुंध्याला नवा फोक आला आहे, हाताने चाचपून बघ. आणि फाटकाशी एक मास्तर बसले होते, त्यांच्या सदऱ्याची बटणं एकेक घर चुकली होती. एवढ्या माणसांत त्यांना कोणी सांगितलं नाही. मीसुद्धा नाही.

शनिवारी मी लावून देईन.
तुझीच
शरयू