कुंपणाला टेकलेला धोंडा

चिमणे,

तुझा पत्ता माझ्याकडे नाही, तरी लिहितो. तुझा बाप अजून त्याच कोरड्या तळ्यावर राखणदार आहे. इथले धोंडे आपोआप सरकतात, ते बघायला लोक लांबून येतात. थंडीत तळ्यात साचलेल्या थोड्याशा पाण्यावर पातळ बर्फ धरतो, वारा सुटतो आणि धोंडा ढकलला जातो, असं मी सांगतो. कुणाला पटत नाही.

घर सोडताना तू रागानं म्हणालीस, "तो काळा धोंडा कुंपणाला लागला की येईन." तेव्हा अंतर होतं चाळीस पावलं. एकोणीस वर्षं मी टेप लावून मोजत आलो. साहेबांना वाटायचं, म्हातारा काय मन लावून काम करतो!

या थंडीत तो कुंपणाला टेकला. मी तुझी खोली झाडली, खाटेवर नवी चादर घातली. त्याला तीन महिने झाले.

आजवर मी त्या धोंड्यांना कुणाला बोट लावू दिलं नाही, साहेबांच्या बायकोलाही नाही. आज मीच पहार घेतली आणि दिवसभर रेटून त्याला चाळीस पावलं मागे नेलं. नोकरी जाईल. जाऊ दे.

आता तुला उशीर झाला, असं कुणाला म्हणता येणार नाही.

तुझा,
बाबा